जवळ जायचं, तरी सगळं दिसायला हवं: पाण्याखालच्या एका भिंगाची गोष्ट

असं एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. अगदी पुढे, काचेला नाक लावून बसल्यासारखी, एक समुद्री गोगलगाय आहे. कवच नसलेली, बोटाच्या पेराएवढी. पाठीवरच्या कल्ल्यांचा झुपका इतका स्पष्ट की एकेक धागा मोजून घ्यावा. तिच्या पायाखाली ती ज्या प्रवाळावर चढली आहे तो प्रवाळ, त्यामागे खडकाचा उतार, वर पाण्याच्या पृष्ठभागावर फुटलेलं ऊन आणि एका कोपऱ्यात सुपारीएवढा दिसणारा पाणबुड्या. हे सगळं एका चौकटीत आणि एकाच क्लिकमध्ये. संगणकावर जोडलेलं काही नाही.

या प्रकाराला 'वाइड अँगल मॅक्रो' म्हणतात. नावातच भांडण आहे. मॅक्रो म्हणजे बारीक गोष्ट मोठी करून दाखवणं. त्यासाठी नेहमी लांब नाभीय अंतराची, अरुंद दृष्टीची लेन्स वापरतात. वाइड अँगल म्हणजे भरपूर परिसर मावेल अशी रुंद दृष्टी. एक लेन्स म्हणते 'फक्त हेच बघ', दुसरी म्हणते 'सगळं बघ'. दोघींना एका नळीत बसवायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती वर्षं कशात गेली, ते आज सांगणार आहे.

माझं संशोधन वैज्ञानिक उपकरणांच्या इतिहासातलं आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. 'छंदिष्ट लोकांच्या महागड्या लेन्सा आणि पीएचडी यांचा काय संबंध?' हा प्रश्न मला घरी, कँटीनमध्ये आणि एकदा तर प्रगती अहवालाच्या बैठकीतही विचारला गेला आहे. संबंध असा आहे. समुद्रातला एखादा जीव आपल्याला 'माहीत' असतो म्हणजे बहुतेक वेळा त्याचं चित्र माहीत असतं. आणि विसाव्या शतकातली बहुसंख्य जवळची चित्रं काळ्या पार्श्वभूमीवरची आहेत. जीव आहे, त्याचा पत्ता नाही. तो कशावर बसला होता, शेजारी कोण होतं, खडक जिवंत होता की मेलेला, यातलं काहीच त्या चित्रात नाही. हे छायाचित्रकाराच्या आळसामुळे झालं नाही, भिंगामुळे झालं. मग भिंग असं का होतं, हा इतिहासाचा प्रश्न होतो.

आधी पाण्याचा स्वभाव समजून घेऊ. जमिनीवर दूरचा डोंगर हवा असेल तर झूम लेन्स लावली की काम भागतं. पाण्यात तसं करता येत नाही. पाणी प्रकाश खातं, आणि तेही भेदभाव करून: पहिल्या काही मीटरांतच लाल रंग जातो, मग नारिंगी, पिवळा, उरतो निळा-हिरवा. शिवाय पाण्यात गाळ, शेवाळ, सूक्ष्म जीव तरंगत असतात. दिवा लावला की दिव्याचा उजेड या कणांवरून उलटा येतो आणि चित्रभर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात. धुक्यात गाडीचे हेडलाइट मोठे करून पाहा, तोच प्रकार. उपाय एकच: मधलं पाणी कमी करा. म्हणजे जवळ जा. पण जवळ गेलं की चौकटीत कमी मावतं. मग रुंद दृष्टीची लेन्स घ्या. जमिनीवर वाइड लेन्स 'जास्त दिसावं' म्हणून घेतात. पाण्याखाली ती 'जवळ जाता यावं' म्हणून घेतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाण्याखालच्या छायाचित्राची सुरुवात साधारण १८५६ पासून सांगतात. इंग्लंडमधल्या वेमाउथच्या उपसागरात विल्यम थॉम्प्सन नावाच्या निसर्गप्रेमी वकिलाने काचेची खिडकी असलेल्या पेटीत कॅमेरा घालून तो सुमारे साडेपाच मीटर खोल सोडला. स्वतः तो होडीतच होता. दहा मिनिटांचं एक्स्पोजर. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेवर काहीतरी उमटलं. प्रयोग तिथेच थांबला.

खरं काम झालं ते दक्षिण फ्रान्समध्ये, बान्यूल्स-सुर-मेर या गावच्या आरागो सागरी प्रयोगशाळेत. लुई बुताँ हा तिथे काम करणारा प्राणिशास्त्रज्ञ. तो पाणबुड्याचा जड पोशाख घालून खाली उतरला, आणि तिथलं दृश्य वर येऊन शब्दांत सांगता येईना म्हणून कॅमेऱ्यामागे लागला. त्याचा भाऊ ऑग्युस्त इंजिनियर होता. त्याने जलरोधक पेटी घडवली. १८९३ मध्ये पहिली छायाचित्रं निघाली. एकेका चित्राला अर्धा अर्धा तास एक्स्पोजर लागायचं, म्हणजे मासा सोडाच, हलणारं शेवाळसुद्धा धूसर. उजेडासाठी त्यांनी ऑक्सिजन भरलेल्या काचेच्या बाटलीत मॅग्नेशियमची तार जाळून पाहिली; बाटल्या फुटायच्या. मग एका मोठ्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड फुंकायची, असा खटाटोप केला. १८९९ मध्ये बुताँने आपला रुमानियन सहकारी एमिल राकोवित्सा याचं पाण्याखाली चित्र घेतलं, ते आजही पुस्तकांत छापतात. १९०० मध्ये या सगळ्या उद्योगाचं पुस्तकही काढलं.

या कहाणीत धाडस बघण्यासारखं आहेच, पण मला त्यातली पेटी जास्त महत्त्वाची वाटते. पेटीला सपाट काचेची खिडकी होती. पाणी, मग काच, मग हवा, मग लेन्स. पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक सगळे पाण्याखालचे कॅमेरे याच सपाट खिडकीतून बाहेर बघत राहिले. आणि सपाट खिडकी हीच अडचण होती.

का, ते शाळेतल्या प्रयोगातून कळतं. वाटीत नाणं ठेवून पाणी ओतलं की नाणं वर उचलल्यासारखं दिसतं. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, त्याचं नाव अपवर्तन. सपाट काचेमागच्या कॅमेऱ्यालाही तेच होतं: सगळ्या वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या भासतात. ऐकायला बरं वाटतं, पण याचा अर्थ दृष्टी आक्रसते. हवेत ९० अंश बघणारी लेन्स सपाट खिडकीमागे जेमतेम ६४ अंश बघते. कितीही रुंद लेन्स आणा, सपाट काचेतून ९७ अंशांपलीकडचं पाणी तिला दिसणारच नाही. आणि त्या टोकाला तर रंग फाटलेले, कडा ताणलेल्या. म्हणजे जिथे रुंद दृष्टीची सगळ्यांत जास्त गरज, तिथेच ती हिरावली जाते. मॅक्रोवाल्यांचं मात्र या सपाट काचेने काही बिघडत नव्हतं. उलट वस्तू आयती मोठी दिसायची! म्हणून मॅक्रो आणि वाइड यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि दीर्घकाळ वेगळ्याच राहिल्या.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. 'फिशआय' हे नाव लेन्सला आलं ते पाण्यामुळेच. १९०६ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी फोटोची काच ठेवून, वर बारीक भोक ठेवून, माशाला पाण्यातून वरचं जग कसं दिसत असेल ते टिपलं. आकाश, झाडं, घरं, सगळं क्षितिज एका वर्तुळात गोळा झालेलं. म्हणजे अपवर्तन पाण्यातून हवेकडे बघणाऱ्याला आख्खं जग देतं आणि हवेतून पाण्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याची दृष्टी कापतं. तोच नियम, फक्त बघणाऱ्याची बाजू बदलली. पुढे आकाशातल्या ढगांचे फोटो घ्यायला फिशआय लेन्स हवामानशास्त्रात गेली आणि तिथून फिरून, खूप उशिरा, पाण्यात परत आली.

दरम्यान जवळचं बघणाऱ्यांनी समुद्रच टाळला. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत चित्रं घेतली, तीही तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचे स्फोट करून. नॅशनल जिओग्राफिकने ती १९२७ च्या जानेवारीत छापली. पण बारीक जीव, त्यांच्या हालचाली, अंगप्रत्यंग बघायचं तर जीव टाकीत आणायचा, हीच रीत. फ्रेंच चित्रपटकार झाँ पँलव्हे याचा समुद्रघोड्यांवरचा माहितीपट १९३० च्या दशकातला. नर समुद्रघोडा पिल्लांना जन्म देतो ते दृश्य आजही बघताना श्वास रोखला जातो. काही भाग त्याने समुद्रात घेतला, पण जवळची बरीचशी दृश्यं मत्स्यालयातली. शेवटी तर समुद्रघोड्यांच्या मागे चक्क घोड्यांच्या शर्यतीची दृश्यं येतात. विनोद फक्कड आहे. पण संशोधक म्हणून मला त्यात एक कबुलीही दिसते: मागे समुद्र नाहीच, तर मग काहीही लावा.

सपाट खिडकीतून सुटायचे तीन रस्ते निघाले. तिघांचाही काळ साधारण एकच, दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस वर्षं. एक्वालंगमुळे माणूस पाण्यात मोकळा पोहायला लागला होता आणि त्याला कॅमेरा हवा होता.

पहिला रस्ता चष्म्याचा. फ्रान्समधले अलेक्सांद्र इवानोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात एक जोडभिंग बांधलं: पाण्याकडच्या बाजूला अंतर्वक्र, आत काही अंतरावर बहिर्वक्र. उलटी धरलेली छोटी दुर्बीणच ती. पाणी वस्तूला जेवढं मोठं करतं, नेमकं तेवढंच ही दुर्बीण लहान करते. हिशोब बरोबरीत सुटतो. दिमित्री रेबिकोफ यांच्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यांमुळे ही रचना इवानोफ-रेबिकोफ म्हणून ओळखली गेली. बुद्धीला पटणारी, पण जड आणि महाग.

दुसरा रस्ता घुमटाचा. सपाट काचेऐवजी अर्धगोल काच लावायची आणि लेन्सचा दृष्टिबिंदू त्या गोलाच्या केंद्रावर आणायचा. मग प्रत्येक किरण काचेला काटकोनात भेटतो, वाकायचं कारणच उरत नाही, आणि दृष्टी जशीच्या तशी रुंद राहते. याला 'डोम पोर्ट' म्हणतात. नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार बेट्स लिटलहेल्स यांनी गोमर मॅकनील यांच्याबरोबर बनवलेलं 'ओशनआय' हाऊसिंग या रस्त्यावरचं गाजलेलं नाव.

पण घुमट फुकट काही देत नाही. पाण्यात बुडालेला घुमट स्वतःच एक भिंग बनतो आणि बाहेरच्या जगाची आभासी प्रतिमा आपल्या अगदी पुढ्यात उभी करतो. गणित सोपं आहे: घुमटाची त्रिज्या पाच सेंटीमीटर असेल तर अनंत अंतरावरची वस्तूही घुमटापुढे पंधरा सेंटीमीटरवर असल्यासारखी भासते, म्हणजे त्रिज्येच्या तिप्पट. काचेपासून दोन सेंटीमीटरवरची गोगलगाय दीड सेंटीमीटरच्या आत दिसते. थोडक्यात, आख्खा समुद्र त्या पंधरा सेंटीमीटरांत घडी घालून बसलेला असतो. लेन्सला इतकं जवळ फोकस करता येत नसेल तर घुमटामागे तिला सगळंच धूसर दिसणार. त्या काळच्या बऱ्याच लेन्सांची हीच गत होती. पुढे जवळ बघायचं जादा भिंग चढवून वेळ मारून न्यावी लागे. हे जुनं दुखणं वाटत असेल तर सुरुवातीचे गोप्रो आठवा. त्यांच्या हाऊसिंगला गोलसर खिडकी होती, जमिनीवर चित्र छान, पाण्यात सगळं अंधुक. कारण आतली लेन्स एकाच ठरावीक फोकसची. कंपनीने मग डायव्हिंगसाठी सपाट खिडकीचं हाऊसिंग काढलं. साठ वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा गिरवला गेला.

मात्र ही समुद्राची घडी पुढे वरदान ठरणार होती. अनंतापासून गोगलगाईपर्यंतचं सगळं काही सेंटीमीटरांत कोंबलेलं असेल, आणि लेन्सचं नाभीय अंतर खूप लहान असेल, तर दोन्ही एकाच वेळी जवळजवळ स्पष्ट दिसू शकतात. सपाट काचेमागच्या लांब मॅक्रो लेन्सला हे जन्मात जमलं नसतं.

तिसरा रस्ता सगळ्यांत धीट: खिडकीच काढून टाका, लेन्सचं पुढचं भिंगच पाण्यात बुडवा. बेल्जियन अभियंता झाँ द वाउटर्स याने कुस्तोंसाठी पेटीविना चालणारा, स्वतःच जलरोधक असलेला 'कॅलिप्सो' कॅमेरा आखला; १९६० च्या सुमारास तो बाजारात आला आणि १९६३ पासून निकॉनने 'निकोनोस' नावाने बनवला. त्यासाठी निकॉनने पाण्यातच चालणाऱ्या लेन्सा घडवल्या. १९७२ ची १५ मिलिमीटर लेन्स ही त्यातली राणी. पाण्याखाली ९४ अंश, कडेपर्यंत धारदार. हवेत तिने काही धड दिसत नाही, कारण तिचं गणितच पाणी धरून मांडलेलं आहे. एक पिढी या लेन्सवर वाढली.

पण हा कॅमेरा लेन्समधून बघू देत नसे. वर एक साधा दृश्यदर्शक, अंतराचा अंदाज मनाने घ्यायचा. १५ मिलिमीटरची लेन्स जास्तीत जास्त जवळ म्हणजे ३० सेंटीमीटरवर फोकस होई. बोटाच्या पेराएवढी गोगलगाय तिथून ठिपका. मग मॅक्रोसाठी काय? कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक नळी घालायची आणि पुढे तारेची चौकट बसवायची. लेन्स कुठे फोकस होते ते ती चौकट दाखवायची: जीव तारेच्या आत आला की शटर दाबा. स्थिर जीवांसाठी हे ठीक होतं. मासा चौकट पुढे आली की पळे. आणि तार टेकायची कुठे, तर प्रवाळावर. किती फांद्या या तारांनी मोडल्या असतील याची नोंद कुणी ठेवली नाही. या चौकटीतून निघालेलं चित्र कसं असे? जीव लख्ख, मागे काळोख, कारण फ्लॅशचा उजेड दोन हातांपलीकडे पोचत नाही. म्हणजे आपण ज्याला 'मॅक्रोची शैली' म्हणतो, ते काळं मखमली सौंदर्य, तिचा निम्मा जन्म या तारेच्या चौकटीत आहे. कलेच्या इतिहासाची पुस्तकं हे सांगत नाहीत. सांगायला हवं.

लेन्समधून बघता येणारे कॅमेरे हाऊसिंगमध्ये घालायची सोय वाढली तशी परिस्थिती बदलली. १९९२ मध्ये निकॉनने 'निकोनोस आरएस' काढला: पेटी नको, लेन्समधून बघायची सोय, ऑटोफोकस आणि पाण्यात बुडणारी १३ मिलिमीटरची फिशआय. कॅमेरा महाग होता आणि काही वर्षांतच बंद पडला, पण त्याच्या फिशआयला आजही मागणी आहे. लोक ती डिजिटल कॅमेऱ्यांना जोडून घेतात.

खरी उलथापालथ डिजिटलने केली. तीन गोष्टी एकत्र आल्या. सेन्सर लहान झाले, त्यामुळे लेन्सची नाभीय अंतरंही लहान झाली आणि स्पष्टतेची खोली वाढली. टोकिनाची १०-१७ मिलिमीटर फिशआय झूम २००६ मध्ये आली. ती सेन्सरपासून १४ सेंटीमीटरवर, म्हणजे लेन्सच्या काचेला जवळजवळ चिकटलेल्या वस्तूवर फोकस व्हायची. आणि कुणीतरी मोठ्या घुमटाऐवजी जेमतेम दहा सेंटीमीटर व्यासाचा छोटा घुमट लावून पाहिला. पुस्तकी हिशोबाने छोटा घुमट वाईट: कोपरे मऊ पडतात. पण छोटा घुमट प्रवाळाच्या खोबणीत शिरतो, आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅश त्याच्या गालाशी आणता येतात. मोठ्या घुमटाची सावलीच गोगलगाईवर पडते, मग उजेड कुठून येणार? वाइड अँगल मॅक्रो हा प्रकार नावारूपाला आला तो या तडजोडीतून. कोपरे सोडले आणि जवळीक मिळवली.

तरीही एक भिंत उरलीच. फिशआय घुमटाला चिकटवली तरी अर्ध्या सेंटीमीटरचा जीव त्या रुंद चौकटीत तिळाएवढा दिसतो. आणि घुमट कितीही छोटा केला तरी तो मुठीएवढा असतोच. जीव जितका लहान तितका त्यापुढे घुमट राक्षसी. उपाय म्हणजे डोळा पेटीतून बाहेर काढायचा, बारीक करायचा आणि काठीच्या टोकाला बसवायचा.

हा उपाय समुद्रातून आलाच नाही. तो मूत्राशयातून आला! शरीराच्या आत डोकावायचा खटाटोप फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ मध्येच आरंभला होता. १८७० च्या दशकाअखेर माक्स नित्झे याने भिंगं बसवलेला सिस्टोस्कोप केला. नळीच्या टोकाला छोटं रुंददृष्टी भिंग, आणि ते जी प्रतिमा बनवतं ती नळीतल्या भिंगांच्या रांगेने हातोहात मागे पोचवायची. आगीच्या वेळी बादल्या हातोहात देतात तशी. हिला 'रिले' रचना म्हणतात. त्रास हा की लांब नळी, बारीक भिंगं, बराच प्रकाश वाटेतच सांडतो. १९५९ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी भिंगांमधली हवेची जागा काचेच्या कांड्यांनी भरली, आणि प्रतिमा एकदम उजळ झाली. आज आपल्या गावातल्या दवाखान्यातही दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, त्यामागे ही कांडी आहे. (हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये काचतंतूंच्या गुच्छातून प्रतिमा पाठवण्याचा शोधनिबंध लिहिणारे नरिंदर सिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे. ती वेगळी पोस्ट होईल.)

निसर्गपटांत ही कल्पना कीटकांमार्गे शिरली. ऑस्ट्रेलियाचे जिम फ्रेझर कोळी आणि किडे चित्रित करायचे. पुढचा किडा आणि मागचं रान दोन्ही स्पष्ट दिसावं म्हणून त्यांनी स्वतः भिंगं जुळवत रिले लेन्स बनवली. पुढे पॅनाव्हिजनने ती हॉलिवूडला भाड्याने दिली. पाण्याखाली अशी लेन्स तयार मिळायला बराच उशीर झाला. हाँगकाँगच्या नॉटिकॅम कंपनीची रचना अलीकडची, गेल्या काही वर्षांतली: हाऊसिंगमध्ये साधी मॅक्रो लेन्स, सपाट खिडकी, आणि तिच्यापुढे पाण्यातच चढवायची लांब नळी. नळीत फोकसचा भाग, रिलेचा भाग आणि टोकाला बदलता येणारं छोटं रुंददृष्टी भिंग. रिले नसेल तर प्रतिमा उलटी येते; मासा डोक्यावर पोहतो. जी सपाट खिडकी वाइडची शत्रू होती आणि मॅक्रोची मैत्रीण, तिच्याच अंगावर ही नळी चढते. घुमट पुढे गेला, आकसला आणि अंगठ्याएवढा झाला.

किंमत आहेच, पैशांचीही आणि उजेडाचीही. भरपूर काच, बारीक छिद्र. फोटोला फ्लॅश आहे म्हणून चालून जातं. व्हिडिओला सतत पेटलेला दिवा लागतो, आणि तो दोन-तीन सेंटीमीटरवरून एखाद्या कोळंबीच्या डोळ्यांवर मिनिटभर रोखलेला असतो. तारेची चौकट गेली, हे चांगलं झालं. पण तिच्याजागी प्रखर दिवा आला. जीवाला न शिवता जवळ जायचं भिंग आपण घडवलं, पण जवळ जाणं हाच त्रास असू शकतो, हे भिंगाला कसं सांगणार?

आपल्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर या भिंगाला इथे वेगळंच महत्त्व आहे. लाल समुद्रात तीस मीटर लांबचं दिसतं. तिथे वाइड अँगल मॅक्रो ही चैन आहे. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, प्रवाळ आहे, मासे आहेत, पण पाणी अनेक दिवस हिरवं आणि गढूळ. पुष्कळदा हातभर अंतरापलीकडचं चित्र पोपटी धुक्यात जातं. अशा पाण्यात जीव आणि त्याचं घर एकत्र दाखवायचं तर मधलं पाणी जवळजवळ शून्यावर आणावं लागतं. मुंबईत तर ओहोटीच्या खडकांवरच समुद्र भेटतो. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी तिथे लोकांना घेऊन फिरतात, नोंदी ठेवतात. तिथल्या डबक्यातली गोगलगाय आणि मागची टॉवरांची रांग एका चौकटीत आली तर 'मुंबईच्या समुद्रात काही उरलं नाही' म्हणणाऱ्याला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरची तीच गोगलगाय कुठलीही असू शकते, फिलिपाइन्सचीसुद्धा.

पण म्हणून ही चित्रं 'खरी' आणि जुनी 'खोटी' असं मी थिसिसमध्ये लिहिणार नाही. अडीच सेंटीमीटरची गोगलगाय भिंगापासून पाच सेंटीमीटरवर आणि पुरुषभर उंचीचा पाणबुड्या साडेतीन मीटरवर असेल, तर चित्रात दोघांची लांबी सारखी येते. बघणाऱ्याला गोगलगाय कुत्र्याएवढी वाटते आणि मागचा खडक दरीएवढा. रुंद भिंग जवळचं फुगवतं, दूरचं पळवतं. दोन पावलांवरचा मेलेला प्रवाळ त्यात सहज बारीक होऊन विसरला जातो. काळं चित्र पत्ता देत नाही. हे चित्र पत्ता देतं, पण अंतर लपवतं. वर्गीकरणासाठी मोजमाप हवं असेल तर आजही जुनी, कंटाळवाणी, सपाट खिडकीची मॅक्रोच बरी, शेजारी पट्टी ठेवून. माझ्या गाइडबाईंचं म्हणणं थोडं वेगळं आहे. त्या म्हणतात, अंतर लपवणं हा भिंगाचा दोष नाही, चित्राखाली मजकूर न लिहिणाऱ्याचा आहे. वाद अजून मिटलेला नाही, प्रकरण तिसऱ्यांदा परत आलंय.

पुढच्या पोस्टमध्ये फ्लॅश: मॅग्नेशियमच्या पिंपापासून रेबिकोफच्या विजेच्या दिव्यापर्यंत. तोवर कुणाकडे निकोनोसची जुनी तारेची चौकट पडून असेल तर कमेंटमध्ये सांगा. विकत नकोय, फक्त हातात घेऊन बघायची आहे.